पिल्लाचा डोळा उघडतच नाहीये, काय करू?

यावेळी आलेल्या पत्रांत कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यांचीच पत्रं जास्त निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पहिलं पत्र लांब आहे. ते अर्जंट होतं म्हणून त्याचं उत्तर मी त्यांना लगेच कळवलं होतं, तेच इथे थोडं वाढवून देतेय कारण त्यात बऱ्याच जणांचे प्रश्न सुटतील.

प्रश्न: ताई, माझ्याकडे नऊ पिल्लं आहेत, बारा दिवसांची. त्यातल्या एकाचा डावा डोळा परवापासून बंद आहे. आधी वाटलं पेंगतंय, पण काल सकाळी हातात घेतलं तर पापणीला पिवळी खपली धरलेली आणि डोळ्याखाली थोडी सूज. आज उजवा डोळाही अर्धाच उघडतोय. बाकीची खातात पितात, पण दोन-तीन जणं मधूनच डोकं पंखावर घासतात. हे मात्र कोपऱ्यात उभं राहून नुसतं ओरडतं, खायला जात नाही. मी कापसाने पुसायला गेले तर इतकं किंचाळलं की मलाच रडू आलं. घरात माणसांचे डोळ्यांचे ड्रॉप पडलेत ते घालू का? पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात आहेत, खाली लाकडाचा भुसा, वर बल्ब. भुसा अजून बदललेला नाही, वरून टाकत जाते. प्लीज लवकर सांगा.

उत्तर: ड्रॉपची बाटली आधी खाली ठेवा. त्याकडे येऊच, पण आत्ता ह्या पिल्लाला डोळ्यापेक्षा मोठा धोका भुकेचा आणि थंडीचा आहे. पिल्लू डोळ्याने चरतं. त्याला दाणा दिसला तरच ते टोचणार, पाणी चकाकताना दिसलं तरच चोच बुडवणार, वासावर शोधत जाणारी ही जात नव्हे. अंड्यातून निघाल्यावर पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर निघून जातात, पण बाराव्या दिवशी ती शिदोरी कधीच संपलेली असते. दोन्ही डोळे मिटलेलं पिल्लू भरल्या ताटापाशी उपाशी मरतं, आणि आपण म्हणतो इन्फेक्शनने गेलं. मी सुरुवातीला अशी दोन पिल्लं घालवलीत. डोळे छान साफ करत होते, ड्रॉप वेळेवर, आणि पोटात काही जातंय का हे बघितलंच नाही.

तर आत्ता लगेच त्याला वेगळ्या छोट्या खोक्यात घ्या. खाली भुसा नको, जुना टॉवेल किंवा कागदी नॅपकिन, म्हणजे धूळ नाही आणि पाय घसरत नाहीत. एका बाजूला ऊब द्या, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून साधारण ३२ अंश सेल्सियस. दुसरी बाजू गार राहू द्या, म्हणजे जास्त तापलं तर त्याला सरकता येईल. निरोगी पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं असतं, पण आजारी पिल्लू स्वतःची ऊब धरून ठेवू शकत नाही म्हणून त्याला दुसऱ्या आठवड्यातही जरा जास्तच ठेवा.

मग पाणी. चोचीचं फक्त टोक कोमट पाण्यात बुडवा, नाकपुड्या वर राहिल्या पाहिजेत, आणि थांबा. ते डोकं वर करून गिळेल. पुन्हा बुडवा. ड्रॉपरने देणार असाल तर चोचीच्या कडेला एक थेंब लावा, तो आत ओढला जातो. चोच उघडून घशात पाणी ओतू नका, कारण पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागेच असतं, सरळ फुफ्फुसात जातं. खायला नेहमीचंच पिल्लांचं खाद्य कोमट पाण्यात कालवून पातळसर लापशीसारखं करा, थोडंसं चोचीच्या कडेला लावा आणि मग वाटीत बोटाने टकटक करा. आई कोंबडी पिल्लांना बोलावताना अशीच जमिनीवर चोच आपटते, त्यामुळे न दिसणारं पिल्लूसुद्धा आवाजाच्या दिशेने चोच मारायला लागतं. पहिल्यांदा तीन-चार वेळा हवेत मारेल, मग वाटीत. माझ्याकडच्या एका पिल्लाला हे जमायला दोन जेवणं लागली आणि तिसऱ्यांदा टकटक केल्याबरोबर ते वाटीतच चढून बसलं. कालवलेलं खाद्य दोन-तीन तासांनी टाकून द्या, उबेत लगेच आंबतं.

पोट भरलं का कसं कळणार? मानेच्या खाली छातीवर पिल्लाच्या उजव्या बाजूला खाद्याची पिशवी असते, बोटाने हळूच चाचपा. संध्याकाळी ती मऊ फुगलेली लागली पाहिजे आणि सकाळी रिकामी. आणि रोज एकाच वेळी वजन करा. किचनच्या वजनकाट्यावर वाटी ठेवायची, काटा शून्य करायचा, पिल्लू वाटीत. ह्या वयात वजन रोज वाढायलाच हवं, दोन दिवस सलग उतरलं तर बाकी काहीही बरं दिसत असलं तरी गडबड आहे.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य. "भुसा अजून बदललेला नाही, वरून टाकत जाते" आणि "दोन-तीन जणं डोकं पंखावर घासतात". ही दोन वाक्यं एकमेकांची सख्खी बहीणभाऊ आहेत असा माझा संशय आहे. खोक्याशी गुडघे टेकून बसा आणि नाक भुशाच्या अगदी जवळ, पिल्लाच्या डोळ्याच्या उंचीवर न्या. उभं राहून वास घेऊ नका, पिल्लं तिथे राहत नाहीत. झोंबरा वास आला की तो अमोनिया समजा. विष्ठेतलं यूरिक आम्ल ओल आणि उबेत जंतू फोडतात आणि त्यातून हा वायू निघतो, आणि ओला भुसा अधिक वरचा बल्ब म्हणजे त्याचा कारखानाच. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग ही कोंबड्यांच्या घरातली वरची मर्यादा धरतात, त्याच्या वर गेलं की डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सोलवटतो, पिल्लं उजेड चुकवतात, डोळे मिटून डोकं पंखावर घासतात. आणि एकदा का पडदा सोलवटला की कुठलाही जंतू आत शिरायला मोकळा. आपलं नाक दिवसभर त्याच खोलीत असलं की सरावतं, म्हणून सकाळी बाहेरून आल्या आल्या वास घ्या किंवा घरात न राहणाऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा.

त्यामुळे औषधाच्या आधी सगळा भुसा बाहेर. वरून नवीन टाकणं म्हणजे ओल झाकणं. खोका पुठ्ठ्याचा आहे म्हणता, तळ ओला झाला असेल तर तोही बदला, नवीन कोरडा भुसा जाडसर घाला, बारीक पावडरीसारखा नको कारण ती धूळ पुन्हा डोळ्यातच जाते. पाण्याचं भांडं विटेवर किंवा फळीवर उचलून पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणा म्हणजे सांडणं निम्मं होईल. वरून हवा जाऊ द्या, फक्त पिल्लांच्या अंगावर झोत नको. खोक्याचं झाकण ऊब राहावी म्हणून गच्च लावणारे खूप जण आहेत, त्याने ऊब राहते आणि वासही राहतो.

डोळा धुण्याचं आता. तुम्ही कापूस वापरलात, बहुतेक कोरडा. मीसुद्धा पहिल्यांदा तेच केलं होतं, खपली ओढली आणि पापणीची कड तिच्याबरोबर सोलून आली, रक्ताचा एक टिपका माझ्या अंगठ्यावर. तो टिपका अजून आठवतो. खपली ओढायची नसते, भिजवून सोडवायची असते. १ लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम साधं मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरला चहाचा एक सपाट चमचा सुद्धा नाही, थोडा कमीच, हे अश्रूंइतकं खारट होतं आणि झोंबत नाही. साधं पाणी उलट जास्त झोंबतं. औषधाच्या दुकानात मिळणारं नॉर्मल सलाईन आणलंत तर अजून बरं. मनगटावर थेंब टाकून बघा, गरमही नको गारही नको. घरी केलेलं रोज ताजं करा.

पिल्लाला छोट्या टॉवेलमध्ये सैल गुंडाळा, डोकं फक्त बाहेर. सैल म्हणजे खरंच सैल, कारण पक्ष्यांना आपल्यासारखा पोट आणि छातीमधला पडदा नसतो, छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच श्वास जातो. घाबरून छाती आवळून धरलीत तर किंचाळणं थांबेल, पण ते शांत झालंय म्हणून नाही. मग गॉझचा तुकडा किंवा स्वच्छ मऊ सुती कापड सलाईनमध्ये भिजवून डोळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं ठेवा. दाबू नका. गार झालं की पुन्हा कोमट करून ठेवा. खपली पांढरट मऊ पडली की चोचीच्या बाजूने मागे असं एकदाच पुसा, तुकडा टाका, नवा घ्या. दोन डोळ्यांना एकच तुकडा कधीच नाही. सुई नसलेल्या सिरिंजने हळू धार सोडलीत तर आतला कचरा निघतो. दिवसातून तीन-चार वेळा करा, आणि प्रत्येक वेळी गाल आणि मान टिपून कोरडी करून उबेत ठेवा, कारण पिल्लाची लव पाणी झटकत नाही आणि ओलं पिल्लू काही मिनिटांत गारठतं.

पापणी उघडल्यावर आत काय दिसतंय ते नीट बघा, दिवसाच्या उजेडात. कधी कधी सगळं प्रकरण एका कुसळाचं असतं. एकदा तीन दिवस मी धूत होते आणि चौथ्या दिवशी भिंग घेऊन बघितलं तर आतल्या पापणीखाली तुसाची चकाकणारी कड, नखाच्या कातरणाएवढी. धारेने निघाली, दुसऱ्या दिवशी डोळा उघडा. आणि कधी पापणीखाली पिवळसर पांढरा घट्ट गोळा असतो. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही, त्यांच्या पांढऱ्या पेशींत तो पातळ करणारी रसायनं पुरेशी नसतात, त्यामुळे तो चीजच्या चुऱ्यासारखा थिजतो आणि नुसत्या औषधाने विरघळत नाही. शेकून शेकून मऊ झाला तर मोहरीएवढा खडा अख्खा सुटून येतो. सुटला नाही तर चिमटा घालून कोरू नका, तो डोळ्याच्या पडद्याला चिकटलेला असेल तर पडदाच फाटेल. ते जनावरांच्या डॉक्टरांचं काम.

आणि आता ड्रॉप. घरात पडलेली बाटली म्हणजे बहुतेक उघडून महिना उलटलेली, ती तशीही टाकायचीच असते. पण खरी भीती वेगळी आहे, माणसांच्या बऱ्याच ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काहीतरी नाव बारीक अक्षरात असतं. पडद्यावर जखम असताना ते घातलं की लाली एकदम कमी होते, आपल्याला वाटतं चमत्कार, आणि खाली जखम खोल होत जाऊन डोळा फुटू शकतो. डॉक्टर आधी एक केशरी रंग डोळ्यात सोडून बघतात, जखम असेल तिथे तो हिरवा चमकतो, मगच काय घालायचं ते ठरवतात. बधिर करणारी मलमं, ज्यांच्या घटकांची नावं "केन" ने संपतात, तीही घरच्या घरी नाहीच, एवढ्याशा जिवाला ती विषारी ठरू शकतात. तेल, मध, आणखी कुणी सांगितलेलं काही, हेही डोळ्यात नको. अँटिबायोटिक डोळ्याचं मलम लागेलच बहुतेक, तुमच्या वर्णनावरून तरी, पण कुठलं आणि किती दिवस हे डॉक्टर पिल्लू बघून सांगतील. आणि त्यांना विचारून घ्या की हे औषध दिलेल्या पक्ष्याची अंडी किंवा मांस किती दिवस खायचं नाही. पिल्लू आज बारा दिवसांचं आहे म्हणून हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, तरी विचारून लिहून ठेवा.

मलम मिळालं की तांदळाच्या दाण्याएवढं खालच्या पापणीच्या आत, नळीचं टोक डोळ्याला न लावता. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. जास्त मलम म्हणजे जास्त बरं असं नसतं, ते गालावरच्या लवेला चिकटतं, त्यावर भुसा चिकटतो आणि पुन्हा पहिले पाढे.

डॉक्टरांकडे आजच जा असं मी कधी म्हणेन? डोळ्याचा गोळा बाहेर आल्यासारखा दिसला, पूर्ण चेहरा सुजला, चोच उघडी टाकून श्वास घेतंय, नाकातून घाण वासाचा चिकट द्रव येतोय, किंवा एकाचे दोन आणि दोनाचे चार झाले. मान वाकडी होणं, लंगडणं, पटापट मरणं असं दिसलं तर मानमोडी किंवा बर्ड फ्लूसारखं काही असू शकतं. तिथे घरगुती काहीच नाही, सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं आणि पक्षी इकडचे तिकडे हलवायचे नाहीत.

तुमच्या पिल्लात आधी डावा मग उजवा असं झालंय, त्यामुळे मी साधी इजा थोडी मागे टाकते. नुसता एकच डोळा आणि बाकी पिल्लू ठणठणीत असेल तर कुसळ, ओरखडा, दुसऱ्या पिल्लाने मारलेली चोच. दोन्ही डोळे आणि बाकीचीही चोळतायत तर हवा. दोन्ही डोळे, शिंका, नाक ओलं तर श्वासाचा साथीचा आजार. तुमचं मला हवेतून सुरू होऊन जंतूपर्यंत गेलेलं वाटतं. भुसा बदलल्यावर बाकीच्यांचं चोळणं थांबलं तर ते तिथेच कळेल, मात्र पडदा जास्त दुखावला असेल तर हवा सुधारल्यावरही डोळा निवळायला महिना जाऊ शकतो, तेव्हा तिसऱ्या दिवशी औषध फेकू नका.

वेगळं काढलेलं पिल्लू एकटं पडून आकांत करेल. खोक्यात छोटा आरसा उभा करा, मऊ कापडाचा गोळा द्या, दिसत नसताना अंगाला काही टेकलेलं असलं की ते शांत होतं. दुसरं पिल्लू सोबतीला देऊ नका, एक तर लागण आणि दुसरं म्हणजे पिल्लं चकाकणाऱ्या ओल्या डोळ्यावर बरोबर चोच मारतात. आणि तुमचा क्रम नेहमी आधी निरोगी मग आजारी असा ठेवा, शेवटी साबणाने हात. पिल्लांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि मानमोडीच्या विषाणूने तर माणसाचाही डोळा येतो, तेव्हा पिल्लू हाताळून स्वतःचे डोळे चोळू नका, लहान मुलांना पापी घेऊ देऊ नका. हे सगळं स्वयंपाकाच्या ओट्यावर तर नाहीच.

प्रश्न: नमस्कार ताई, पिल्लाच्या डोळ्यावर पांढरा पडदा मधूनच येतो आणि जातो. मोतीबिंदू असेल का? खातं पितं पळतं सगळं नॉर्मल आहे.

उत्तर: नाही हो. ती तिसरी पापणी. पक्ष्यांना चोचीच्या बाजूने आडवी सरकणारी एक पातळ दुधी पापणी असते, काचेवरून वायपर फिरावा तशी. हलतंय आणि परत जातंय तर काळजी नाही. न हलणारा पांढुरका डाग असेल किंवा ती पापणी अर्ध्यावर अडकून राहत असेल, तर मात्र डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला इजा आहे, दाखवा.

प्रश्न: मॅडम, सहा आठवड्यांच्या तलंगांच्या (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या) डोळ्यांच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस येतोय. शिंका पण आहेत. गळ्यातून घरघर. दोन नवीन पक्षी आणले होते त्यानंतर सुरू झालं. पाण्यात टाकायची पावडर दिली की चार दिवस बरं, बंद केली की परत.

उत्तर: फेस, शिंका, घरघर आणि नवीन पाहुणे, ह्यातून पहिलं नाव मायकोप्लाझ्माचं, म्हणजे श्वासाचा आजार करणाऱ्या एका जंतूचं, निघतं. चाचणी करून खात्री करून घ्या कारण कोरायझा आणि ब्राँकायटिस हे श्वासाचे आजारसुद्धा असेच सुरू होतात, कोरायझात चेहऱ्याची सूज आणि वास जास्त. मायकोप्लाझ्माचा त्रास हा की औषधाने लक्षणं दबतात पण जंतू पक्ष्यात राहतोच. तो पक्षी आयुष्यभर वाहक, थंडी पडली, जागा बदलली, अंड्यावर आला की पुन्हा फेस. आणि तो अंड्यातूनही पिल्लात उतरतो, म्हणून ह्या तलंगांची अंडी उबवायला ठेवायची नाहीत आणि पक्षी कुणाला द्यायचेही नाहीत, हे कितीही जिवावर आलं तरी. तुम्ही चार-चार दिवस पावडर देऊन बंद करताय ते सगळ्यात वाईट, त्याने जंतू औषधाला सरावतात. एकतर डॉक्टरांनी सांगितलेला पूर्ण कोर्स, नाहीतर काहीच नको. नवीन पक्षी आणला की किमान तीन-चार आठवडे वेगळा, हे आता सांगून तुमच्या कामाचं नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी असेल.

प्रश्न: दोन महिन्यांच्या पिल्लाच्या पापणीवर आणि चोचीशेजारी काळपट चामखिळीसारख्या खपल्या, एक डोळा त्यामुळे बंद. खपली काढून मलम लावू का?

उत्तर: काढू नका!! ही कोंबड्यांची देवी दिसते. डासांमुळे पसरते आणि त्या खपल्यांतच विषाणू असतो, काढलीत तर रक्त येईल आणि रोग बाकीच्यांना वाटाल. साधारण दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतात. तोवर डोळ्याची कड सलाईनने भिजवून मोकळी ठेवा, खाणंपिणं बघा आणि डासांचा बंदोबस्त करा, साचलेलं पाणी आधी. तोंडाच्या आत पिवळट चट्टे दिसले, श्वासाला अडथळा वाटला तर डॉक्टर. गळलेल्या खपल्या गोळा करून जाळा. निरोगी पक्ष्यांना लस देता येते, ती विचारून घ्या.

प्रश्न: डोळे चिकटले म्हणजे व्हिटॅमिन ए कमी, असं ऐकलं. रोज कॅप्सूल फोडून घालतेय. बरोबर ना?

उत्तर: ऐकलं ते अर्धं खरं आहे. ए कमी पडलं की डोळ्यात कोरडेपणा, चिकटणं, पापणीखाली घट्ट पांढरा साका होतो. पण तयार पिल्लांचं खाद्य ताजं असेल तर ते सहसा कमी पडत नाही. कमी पडतं ते नुसत्या धान्याच्या चुरीवर वाढवलेल्या पिल्लांना, किंवा पोतं महिनोन्महिने उन्हात, ओलीत पडलेलं असेल तर, त्यातली व्हिटॅमिनं मरतात. आधी पोत्यावरची तारीख बघा. मोठ्या अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना घालत असाल तर तेही बंद करा, त्यातल्या कॅल्शियमने कोवळी किडनी खराब होते. आणि रोज कॅप्सूल नको, ए शरीरात साठत जातं, जादा झालं तरी अपाय करतं. माणसाच्या मापाची कॅप्सूल आणि त्यासमोर तुमचं पिल्लू केवढं ते बघा एकदा.

आणि अंक छापायला जायच्या आधी पहिल्या पत्राच्या ताईंचं दुसरं पत्र आलं.

प्रश्न: ताई, नाक खाली नेऊन वास घेतला आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली खरं सांगू तर. भुसा सगळा काढला, दोन दिवसांत बाकीच्यांचं घासणं थांबलं. आजारी पिल्लाला टकटक करून खायला शिकवलं, आता माझ्या नखाचा आवाज आला की धावत येतं. डॉक्टरांनी मलम दिलं, डावा डोळा पूर्ण बरा झाला, पण गंमत म्हणजे ज्याची मला कमी काळजी होती तो उजवा डोळा पांढरा पडलाय. डॉक्टर म्हणाले त्यात दिसणार नाही, दुखत मात्र नाहीये. आता चार आठवड्यांचं होईल. एका डोळ्याने जगेल का, आणि बाकीच्यांत सोडू का? घरचे म्हणतात उगाच हाल नको.

उत्तर: लाज कसली, माझ्याही डोळ्यांत आलंय पाणी त्याच वासाने, आणि तेव्हा मला शिकून चार वर्षं झालेली होती.

जगेल. दुखत नाही, खातंय, वजन वाढतंय, बोलावलं की धावत येतंय, मग हाल कसले. दोन्ही डोळे गेले असते आणि ते स्वतःहून खायला शिकलंच नसतं तर मीच तुम्हाला डॉक्टरांशी शांतपणे दुसरं काही बोला म्हटलं असतं. एक डोळा गेलेल्या कोंबड्या अंडी घालतात, पिल्लं काढतात, दुसऱ्यांना चोचीसुद्धा मारतात. फक्त तुमच्याकडे उजवा गेलाय त्यामुळे एक गोष्ट लक्षात ठेवा. अंड्यात शेवटच्या दिवसांत पिल्लू मान अशी वळवून बसलेलं असतं की उजवा डोळा कवचाकडे असतो आणि डावा अंगाखाली झाकलेला, म्हणून उजेड उजव्याला मिळतो आणि पुढे दाणा आणि खडा ओळखायचं काम तोच डोळा जास्त चांगलं करतो. डावा जास्त करून आजूबाजूला काय नवीन आहे, वर घार आहे का, ह्यावर नजर ठेवतो. तेव्हा तुमचं पिल्लू खडे टोचून टाकेल, दाण्याला दोनदा मान तिरकी करून बघेल, खायला बाकीच्यांपेक्षा वेळ लावेल. त्याला खाद्य जमिनीवर विखरून टाकू नका, भांड्यात द्या, आणि सगळ्यांना पुरेल अशी दोन भांडी ठेवा म्हणजे ते मागे राहणार नाही. भांड्यांच्या जागा बदलत बसू नका.

सोडण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा की हे साथीचं नव्हतं ना. नव्हतं असं म्हणाले तर आठवडाभर जाळीच्या पलीकडे ठेवा, दिसतील पण चोच पोचणार नाही असं. मग संध्याकाळी अंधार पडताना बाकीच्यांच्यात बसवा आणि सकाळी तासभर तिथेच थांबा. थोडी चोचाचोच होईलच, ती होऊ द्या, रक्त आलं तर किंवा त्याच्या पांढऱ्या डोळ्यावरच कुणी टपून बसलं तर परत काढा. बसायची दांडी अगदी खाली लावा, एका डोळ्याने उडीचा अंदाज चुकतो. आणि तुम्ही हात घालाल तेव्हा डावीकडून घाला, उजवीकडून घालायचाच असेल तर आधी नखाने टकटक करा, ते त्याला कळतंच आता.